माहेरपणाला आलेली बंदूक

*ताई, नमस्कार. माझं वय ६८. गंगापूर रोडला राहतो, निवृत्त आहे. जुन्या वस्तूंचा नाद आहे. अडकित्ते, पितळी कुलपं, नाणी, बरंचसं गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जमवलेलं. पण मानाची वस्तू एकच होती: आजोबांकडून आलेली ठासणीची लष्करी बंदूक. चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, 'टॉवर' ही अक्षरं आणि १८५९ हे साल. घरात सांगायचे की आमचे खापरपणजोबा सत्तावनच्या बंडात होते, त्यांनी ती गोऱ्या सोजिराकडून हिसकावून आणली. १९९९ मध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला पैसे कमी पडले, तेव्हा निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराला ती १८ हजारांना रीतसर विकली. नंतर परवानाही रद्द करून घेतला. मुलीला हे आजवर माहीत नाही.*

*गेल्या महिन्यात त्या बागायतदाराच्या मुलाचा फोन आला. वडील वारले. 'कायद्याने दोनच ठेवता येतात, माझ्याकडे तीन होतायत. तुमचीच वस्तू, तुम्हीच घ्या.' अडीच लाख म्हणतो. 'गाडीत टाकून आणून देतो, दिवाळीपर्यंत घरी ठेवा, मन भरलं तर पैसे द्या, कागदाचं मागाहून बघू,' असंही म्हणाला. फोटो पाठवला. दस्त्यावरची तांब्याची पट्टी दिसली आणि ताई, लेक माहेरी आल्यासारखं झालं. बायको म्हणते, 'ती गेली तेव्हा घर हलकं झालं होतं, आता पुन्हा नको.' मुलगा म्हणतो, भंगाराला अडीच लाख? मी काय करू?*

नमस्कार.

आधी त्या गाडीचं बोलू, कारण बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, याला नाही. त्याला आजच फोन करा आणि सांगा, बाबा रे, आणू नकोस. एक दिवसासाठी नको, दिवाळीपर्यंत तर नकोच. तुमच्याकडे आज परवाना नाही. परवाना नसलेल्या माणसाच्या घरात बंदूक ठेवली की ठेवणाराही अडकतो आणि आणून देणाराही. 'एकेकाळी आमचीच होती' हे पोलीस चौकीत सांगायला बरं वाटेल, ऐकायला कोणाला वाटणार नाही.

तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीची वस्तू, तिला कसला आलाय परवाना? असं मानणारे जाणते संग्राहक मी पाहिलेत, म्हणून जरा थांबून सांगते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या ४५व्या कलमात जुन्या, कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट आहे, हे खरं. पण अट अशी की ते हत्यार दुरुस्त करूनही चालता कामा नये. तुमच्या बंदुकीचा घोडा पडतो का, नळी शाबूत आहे का, टोपी बसते तो खुंट जागेवर आहे का? असेल, तर ती म्हातारी असली तरी कायद्याच्या लेखी बंदूकच आहे. आजोबांनी आणि तुम्ही तिच्यासाठी परवाना बाळगला होता, त्यातच या प्रश्नाचं उत्तर आहे.

तो मुलगा 'दोनच ठेवता येतात' म्हणाला, ते बरोबर आहे. पूर्वी एका परवान्यावर तीन चालत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आली, आणि वारशाने आलेलं हत्यारही त्या दोनांतच मोजलं जातं. पण दुसरी एक गोष्ट त्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. परवानाधारक वारला की घरच्यांनी त्याची हत्यारं विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असतात. मग वारसाने अर्ज करायचा, स्वतःच्या नावावर चढवून घ्यायची किंवा रीतसर विकायची. वडिलांच्या माघारी ती कपाटात तशीच असेल, तर त्याचाही पाय खोलात आहे. हे त्याला घाबरवायला नाही, शहाणपणाने सांगा. बाप गेलेल्या पोराला आधी बँक, सातबारा आणि सोसायटी पुरते, बंदुकीचं कोणाच्या ध्यानात राहतं?

म्हणजे पहिलं पाऊल तुमचं नाहीच, त्याचं आहे. त्याने ती विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी. मग तुम्ही तिथे जाऊन ती बघा. दुकानात, काउंटरच्या अलीकडून, चष्मा लावून, हवा तेवढा वेळ.

आणि बघाच. कारण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला पहिल्या वाचनातच खटकली. तुम्हीच लिहिलंय की पट्टीवर १८५९ आहे. मग ती १८५७ मध्ये कोणाच्या हातातून कशी हिसकावणार? ज्या साली ती घडली, त्या साली एप्रिलमध्ये तात्या टोपेंना शिवपुरीला फाशी झाली होती. तुमचे खापरपणजोबा बंडात नव्हते असं मी म्हणत नाही. आपल्याकडेही बंड पेटलं होतं, सिन्नरकडे नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांनी १८५७ मध्येच इंग्रजांशी झुंज दिली. पण या बंदुकीची साक्ष तुमच्या घरच्या गोष्टीला मिळत नाही. शंभर वर्षं कोणी पट्टीवरचं साल वाचलं नसेल असं नाही. वाचलं असेल आणि गोष्ट जास्त गोड वाटली असेल.

मला विचाराल तर खरी हकीकत घरच्या गोष्टीपेक्षा चांगली आहे. मुकुट, 'टॉवर' आणि १८५९ म्हटलं की बहुतेक १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड, किंवा तिचीच हिंदुस्थानी बहीण. 'टॉवर' म्हणजे लंडनचा टॉवर, सरकारी शस्त्रांचं तिथलं कोठार. शाळेत आपण जी चरबीची काडतुसं शिकलो, ती हिचीच. कागदाची पुडी दातांनी तोडायची, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, खुंटावर केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायची आणि चाप ओढायचा. नळी ३९ इंची, लाकडाशी तीन कड्यांनी बांधलेली, आत तीन आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, वजन सव्वाचार किलोच्या आसपास. आट्यांमुळे गोळी फिरत जायची आणि लांबवर नेम धरायची. रायफल हे नावच मुळी त्या आट्यांवरून आलं.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी काय केलं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. देशी शिपायाच्या हातात पुन्हा तितकंच चांगलं हत्यार द्यायची त्यांची छाती झाली नाही. म्हणून त्याच घडणीच्या बंदुका आतून गुळगुळीत करून दिल्या. आटे नाहीत, नळी रुंद, नेम धरायची मागची खाच साधी. बाहेरून जुळ्या बहिणी, पण एक गोऱ्यासाठी आणि एक काळ्यासाठी. गोऱ्याच्या नळीचं तोंड साडेचौदा मिलिमीटरच्या थोडं वर भरतं, शिपायाच्या नळीचं साडेसोळाच्या वर. त्या दोन मिलिमीटरांत सरकारने आपल्या माणसांवर केलेला अविश्वास मावला आहे. तुमची तशी निघाली, तर ती हिसकावलेली नाही, कोण्या शिपायाला मोजून-मापून दिलेली आहे. मला स्वतःला ती गोष्ट जास्त आवडेल. तुम्हाला आवडेल की नाही, ते तुमचं.

(१८६६ नंतर यांतल्या बऱ्याच जणींची मागची बाजू कापून, मागून काडतूस घालायच्या स्नायडर बंदुका केल्या. तुमची त्यातून वाचली, एवढं फोटोवरूनही कळेल. घोड्याखाली बिजागरीसारखं काही नसेल, तर वाचली.)

आता ओळख पटवायची. या बंदुकांवर कारखान्याचा अनुक्रमांक सहसा नसतोच, पलटणीचे आणि कोठाराचे शिक्के असतात. तुमच्या जुन्या परवान्यावर जो नंबर होता, तो मागाहून इथे कोणीतरी ठोकलेला असणार. ते परवान्याचं पुस्तक किंवा त्याची झेरॉक्स कुठे आहे? माळ्यावर, ट्रंकेत, कुठेही असू दे, शोधा. १९९९ च्या विक्रीचा कागदही शोधा. तुम्ही 'रीतसर' विकली म्हणता, म्हणजे विकण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्यावर लेखी कळवून ४५ दिवस थांबला असाल, कायद्यात तसं आहे. त्या पत्राची स्थळप्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं. 'टॉवर' आणि मुकुट हे शिक्के इतके माहितीतले की नकला करणाऱ्यांनी ते सर्रास ठोकले. खैबरकडच्या गावांतून अशा नकला पूर्वीपासून येतात. मग राहते ती तांब्याची पट्टी. ती कोणी, कधी, कशासाठी मारली, किती खिळे आहेत, तुम्हाला आठवत असेलच. फोटो पुन्हा न बघता आधी एका कागदावर लिहून काढा, मग ताडून पाहा. फोटो बघून आठवलेलं मी धरत नाही.

दुकानात गेलात की एक काम विक्रेत्याकडच्या कारागिराकडून करून घ्या, तुम्ही करू नका. ठासणीच्या बंदुका कित्येकदा भरलेल्याच भिंतीला टांगलेल्या असतात. कोणी कधी भरली ते भरणाऱ्यासोबत गेलेलं असतं, आणि काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास-शंभर वर्षांनीही पेट घेते. तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही. गज नळीत टेकेपर्यंत सोडायचा, तोंडाशी त्यावर खूण करायची, बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरायचा. टोक केपेच्या खुंटापाशी आलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी बसलेलं आहे. रिकामी आहे हे कळल्यावरच बॅटरी मारून आटे बघायचे, त्याआधी नाही. तुमच्या घरी ती किती वर्षं दिवाणखान्यात होती हो? तुम्ही कधी गज घालून पाहिला होता? वहिनींना घर हलकं वाटलं, ते उगाच वाटलं नसेल.

वहिनींचं म्हणणं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत, आणि मुलाच्या 'भंगार' शब्दाशेजारी नेऊन ठेवलंत. ही दोन म्हणणी एक नाहीत. मुलगा किंमत बोलतोय, त्या ती सांभाळण्याबद्दल बोलतायत. परवान्याची बंदूक घरात असली की गावाला जाताना किल्ली कुठे ठेवायची इथपासून निवडणूक आली की ती जमा करायचं पत्र येईल का इथपर्यंत सगळं त्या माउलीने ऐकलेलं असणार. आता सुट्टीत नातवंडंही येत असतील. त्यांना एवढंच विचारा, की हलकं वाटलं म्हणजे नेमकं काय होतं तेव्हा. आणि उत्तर मध्ये न बोलता ऐका. हे तुम्हाला गजापेक्षा अवघड जाईल.

आता पैसे. अडीच लाख हा आकडा त्या मुलाने कुठून आणला, ते त्यालाच ठाऊक. मी वेगळा हिशोब केला. १९९९ चे १८ हजार तुम्ही आठ टक्क्यांनी चक्रवाढ व्याजाने ठेवले असते, तर २६ वर्षांत १ लाख ३३ हजार झाले असते. अडीच लाख त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय या वस्तूचा बाजार अरुंद असतो, परवाना असलेला माणूसच गिऱ्हाईक होऊ शकतो. परदेशात विकतो म्हणाला तर तेही नाही, शंभर वर्षांवरची पुरातन वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. म्हणजे घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. त्याच्या अडचणीचा फायदा घ्या असं मी सांगत नाही, पण टोकन, बयाणा, फोनवरून पाच-दहा हजार, असं काही पाठवू नका. आधी परवाना, मग पैसे. हा क्रम उलटा केलात तर पैसेही अडकतील आणि बंदूकही.

परवान्याची वाटही सांगून ठेवते. तुम्ही नाशिक शहरात, म्हणजे अर्ज पोलीस आयुक्तालयात. तो निफाडकडे, त्याचं काम जिल्हाधिकारी कार्यालयात. दोन दरवाजे, दोन रांगा. तुम्हाला पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र यातून जावं लागेल, आणि बंदूक कशाला हवी हे लिहावं लागेल. 'आठवण' असा रकाना त्या अर्जात नाही. कायद्याच्या १३व्या कलमात ठासणीच्या बंदुकीला पिकाच्या राखणीसाठी, आणि किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीला स्वसंरक्षण किंवा खेळासाठी वाट ठेवली आहे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तुमचं पीक म्हणजे बाल्कनीतल्या चार कुंड्या. नळी गुळगुळीत निघाली, तर ते दोन मिलिमीटर इथेही उपयोगी पडतील. हे सगळं ६८व्या वर्षी करायची उमेद असेल तर जरूर करा, मी अडवणार नाही. परवान्याचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखवा, एवढंच.

पण तुम्ही विचारलंय 'मी काय करू', तर माझं मत सांगते. विकत घेऊ नका.

तुम्ही लिहिलंत, लेक माहेरी आल्यासारखं झालं. ही उपमा तुमची आहे, मी फक्त ती पुढे नेते. लेक माहेरी येते, चार दिवस राहते, तिच्या आवडीचं करून खाऊ घालतात, ओटी भरतात, आणि ती आपल्या घरी जाते. तिला कोणी कोंडून घेत नाही. ही बंदूक २६ वर्षं त्या बागायतदाराच्या घरी होती. त्याने मोडीत घातली नाही, नळी कापून देशी कट्टा केला नाही, पट्टीसुद्धा काढली नाही. फोटोत तुम्हाला ती ओळखू आली, यात त्याचंही काही आहे. मी १९९२ मध्ये गिझर घ्यायचा म्हणून आईचं तांब्याचं घंगाळ भांडी बाजारात मोडीत दिलं. किलोच्या भावाने, दुकानदाराने समोरच चेपलं. ते मला कुठल्याही फोटोत दिसायचं नाही. त्या मानाने तुमचं नशीब थोर.

म्हणून त्या मुलाशी बोला, पण गिऱ्हाईक म्हणून नको. त्याच्याकडे तीन आहेत, दोन ठेवायच्या आहेत. त्याची एक आणि वडिलांच्या दोन. वडिलांची दुसरी बहुधा साधी बारा बोर असेल. ती विकायला सोपी, गिऱ्हाईक पुष्कळ. तुमची विकायला अवघड. त्याच्याच सोयीचा विचार केला तरी बारा बोर सोडावी आणि ही ठेवावी, हे त्याला कोणीतरी समजावून सांगायला हवं. ते तुम्ही सांगू शकता, कारण तिच्याबद्दल त्याला जे माहीत नाही ते तुम्हाला माहीत आहे. आजोबांची नोंद, जुन्या परवान्याची झेरॉक्स, पट्टीची हकीकत, साल आणि आट्यांचं हे सगळं कागदावर उतरवून त्याला द्या. कहाणी असलेली वस्तू विकताना माणूस दोनदा विचार करतो. आणि जाता जाता हेही सांगा, की तिला पितांबरी लावू नकोस, पॉलिश पेपरने घासू नकोस. लोखंडाला शिलाई मशीनचं तेल, लाकडाला जवसाचं, तेही फडक्याला लागेल एवढंच. काळपटपणा हा तिचा मळ नाही, तिचं वय आहे.

तो ऐकेल याची हमी मी देत नाही. नाहीच ऐकलं आणि ती दुसऱ्या कोणा परवानाधारकाकडे गेली, तर ते टिपण तिच्याबरोबर जाईल एवढं बघा.

मुलीचं राहिलं. ती आता चव्वेचाळीस-पंचेचाळिशीची असेल. तिला सांगा असंच मी म्हणेन, पण फोनवर नको, आणि अडीच लाखांचा प्रश्न अधांतरी असताना तर मुळीच नको. आत्ता सांगितलंत तर तिला ते बिलासारखं वाटेल, आणि ती भावनेच्या भरात पैसे पाठवून मोकळी होईल. मग तुम्ही घेणार कसे आणि नाकारणार कसे? ती नाशिकला येईल तेव्हा तिला आणि वहिनींना घेऊन, त्या मुलाची वेळ ठरवून निफाडकडे जा. सीझन असेल तर द्राक्षं आणता येतील. बंदूक तिच्या समोर असू द्या, मग सांगा, ही विकून तुझी पहिल्या वर्षाची फी भरली. एवढंच वाक्य. त्याच्या पुढे 'पण' लावू नका.

परवान्याचं पुस्तक सापडलं का, आणि गज नळीत कुठवर गेला, हे मात्र मला कळवा.